थोरले महाराज आणि मनाची उदासी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

नांदेड-लातूरकडच्या दत्तभक्तांना गंगाखेड काही परकं नाही. तिथलं गोदामाईचं पाणीच पुढे नांदेडच्या घाटांना लागतं. याच गंगाखेडला १८९१ च्या वैशाखात प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचा संसार संपला.

महाराजांचा जन्म १८५४ चा, सावंतवाडीजवळच्या माणगावचा. घर वैदिकाचं, परिस्थिती बेताची. त्यात संग्रहणीचं दुखणं जन्मभर पाठीस लागलेलं. माणगावात त्यांनी १८८३ साली दत्तमंदिर उभं केलं. पुढे १८८९ मध्ये देवाच्या आज्ञेने गाव सोडलं, तेव्हा पत्नी अन्नपूर्णाबाईंना सोबत घेऊनच निघाले. एक मूल झालं, तेही हाती लागलं नाही. आणि गंगाखेडला अन्नपूर्णाबाईही गेल्या. महाराजांना तेव्हा सदतिसावं वर्ष चालू होतं.

आपल्याकडे असा प्रसंग आला की पुरुषमाणूस रडत नाही. देवळाच्या ओट्यावर येऊन गप बसतो. लोक म्हणतात, विरक्ती आली बरं का. पण उदासी वेगळी आणि वैराग्य वेगळं. उदासीत माणसाचे हातपाय गळतात, स्नान-जेवणाचीही वेळ राहत नाही. वैराग्यात नेम सुटत नाही.

महाराजांनी पत्नीचे दिवस रीतसर केले, मगच संन्यास घेतला. उज्जैनला दंडग्रहण केलं. त्यानंतर तेवीस चातुर्मास झाले. हिमालयापासून तंजावरपर्यंत सगळी वाट पायी. दुखणं सोबत होतंच. तरी पहाटेचं स्नान, जप, माधुकरी आणि लेखन चुकलं नाही. दत्तपुराण, दत्तमाहात्म्य असे ग्रंथ या फिरतीत झाले. गृहस्थाने मात्र आपला आचार पाळून घर सांभाळावं, असाच त्यांचा आग्रह असे.

मग मनाची तगमग त्यांना ठाऊकच नव्हती का? तसं नाही. संन्यासाला चौदा वर्षं झाल्यावर, १९०५ साली, नरसोबावाडीत त्यांनी करुणात्रिपदी रचली. त्यात देवाला शांत होण्याची विनवणी आहे, तशी आपलं मन निववण्याची याचनाही आहे. एवढ्या मोठ्या यतीला देवापुढे हे बोलायला लाज वाटली नाही. आपण तर साधे संसारी.

१९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदाकाठी गरुडेश्वरी महाराज समाधिस्थ झाले. करुणात्रिपदी मात्र आजही गावोगावच्या दत्तमंदिरात संध्याकाळी म्हटली जाते. ती म्हणताना एखाद्या काकांचा आवाज मध्येच बसला, तर आरतीनंतर त्यांना एकटं सोडू नका. प्रसाद घेऊन दोन घटका त्यांच्याजवळ बसा, घरचं विचारा. झोप-जेवण तुटलं असेल तर मुलाबाळांच्या कानावर घाला, डॉक्टरकडेही न्या. तीही सेवाच आहे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!