डॉप्लर आणि आजीचा टूडी इको

डॉप्लर म्हटलं की आपल्याला बारावीचं गणित आठवतं. इंजिन शिटी देत येतंय, माणूस प्लॅटफॉर्मवर उभा. हातकणंगले स्टेशनवरून गाडी पुढे निघून गेली की शिटीचा सूर उतरतो, तोच हा डॉप्लर.

ख्रिश्चन डॉप्लर १८०३ साली साल्झबर्गला जन्मला. घराणं दगडकाम करणाऱ्यांचं. पोरगा प्रकृतीने किरकोळ, छिन्नी-हातोडा झेपणार नाही म्हणून शिकायला घातला. शिकूनही धड नोकरी मिळेना. वैतागून अमेरिकेला जायला सामानसुमान विकलं, तेवढ्यात १८३५ मध्ये प्रागला शिक्षकाची जागा मिळाली. तिथेच १८४२ साली त्याने आपला सिद्धांत मांडला, तोही आवाजासाठी नव्हे तर ताऱ्यांच्या रंगांसाठी. रंगांचा अंदाज चुकला, सिद्धांत मात्र खरा ठरला! १८४५ मध्ये हॉलंडात बाइस बॅलट याने आगगाडीत चक्क तुतारीवाले बसवून तो तपासला.

आज तोच सिद्धांत सोनोग्राफीत आहे. माझ्या आजीचं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं. फुप्फुसं जुनाट खराब झाली की त्यांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकते. त्या बाजूच्या झडपेतून उलट गळणाऱ्या रक्ताचा वेग इकोचं मशीन डॉप्लरने मोजतं. पुढे आपला बर्नोली: वेगाचा वर्ग गुणिले चार. आजीचा वेग सेकंदाला ३.५ मीटर, म्हणजे ४९ मिलिमीटर पारा, वर उजव्या कप्प्याचा दाब वेगळा. निरोगी माणसात एकूण २५ च्या आसपास असतो. पण फुप्फुसात हवा कोंडलेली असली की चित्र पुसट येतं, म्हणून खात्रीसाठी हृदयात नळी घालून दाब मोजावा लागतो. आजी अजून तयार नाही.

डॉप्लरचीही छातीच बिघडली. प्रागला शेकडो पोरांच्या तोंडी परीक्षा घेता घेता तो पार खचला, वर पोरांनी फार कडक परीक्षक म्हणून तक्रार केली (आपल्याकडे असं काही होत नाही म्हणा!). १८५० मध्ये व्हिएन्नात मोठं पद मिळालं. पण १८५२ मध्ये गणितज्ञ पेट्झवाल याने सिद्धांतच खोटा ठरवायला घेतला. त्याच वर्षी डॉप्लर हवापालटासाठी व्हेनिसला गेला आणि १७ मार्च १८५३ रोजी तिथेच वारला. वय ४९. त्याच्या छातीत काय चाललंय हे कळायला तेव्हा डॉक्टरांकडे स्टेथोस्कोपच होता. मागे बायको मॅथिल्ड आणि पाच मुलं राहिली.