हत्ती, हंस आणि सँ-साँस

‘फ्रेंच ऑर्गनवादक’ म्हटलं की निम्मे वाचक पान उलटतील. जरा थांबा! कामीय सँ-साँस हा माणूस आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल असाच आहे.

जन्म ९ ऑक्टोबर १८३५, पॅरिस. वडील तान्हेपणीच गेले. आई आणि नात्यातली एक आजी यांनी वाढवलं. अडीच-तीन वर्षांचा असताना बोटं पियानोवर! १८४६ मध्ये, दहाव्या वर्षी, जाहीर कार्यक्रम केला आणि शेवटी बेथोव्हेनच्या ३२ सोनाटांपैकी कुठलाही सांगा, पाठ वाजवतो, अशी तयारी दाखवली. आपली सबमिशनच्या आदल्या रात्रीची तयारी आठवा!

१८५८ ते १८७७ तो पॅरिसच्या मादलेन चर्चचा ऑर्गनवादक होता. आपल्या पेटीत धातूच्या पट्ट्या थरथरतात. चर्चच्या ऑर्गनमध्ये भात्याची हवा पाइपांत शिरते. पाइप जितका लांब, तितका सूर खर्जातला. वाजवताना दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामाला. गडी खगोलशास्त्राचाही वेडा. हार्मोनियम आणि पियानोसाठी केलेल्या रचना विकल्या आणि त्या पैशांतून दुर्बीण घेतली.

पण नशीब सरळ नव्हतं. १८७८ मध्ये अवघ्या सहा आठवड्यांत त्याची दोन्ही लहान मुलं गेली. एक खिडकीतून पडून, दुसरं आजारानं. पुढे संसारही मोडला.

आणि याच माणसानं १८८६ मध्ये ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ लिहिलं. एकूण १४ छोटे तुकडे. त्यात कासव एक धावती नाचाची धून अगदी रेंगाळत म्हणतं, डबल बासच्या जाड आवाजावर हत्ती नाचतो, आणि प्राण्यांच्या रांगेत चक्क रियाज घोकणारे पियानोवादकही येतात! स्टाफ क्वार्टर्समधल्या पोरांना मी हे नाव न सांगता ऐकवतो. हत्ती ती लगेच ओळखतात, आणि हंसाच्या चेलोला सगळी गप्प होतात. लहान मुलांना सँ-साँसची ओळख करून द्यायची तर चरित्र नको, इथूनच सुरुवात करावी असं माझं मत झालंय.

गंमत म्हणजे ही रचना त्यानं दडवून ठेवली. गंभीर संगीतकार म्हणून कमावलेलं नाव जाईल ही धास्ती. मित्रमंडळींत वाजवली, पण हयातीत फक्त ‘हंस’ छापू दिला. १६ डिसेंबर १९२१ रोजी अल्जिअर्समध्ये तो वारला आणि १९२२ मध्ये बाकीचं छापलं गेलं. त्याच १८८६ सालची त्याची भारदस्त ‘ऑर्गन सिंफनी’ जाणकार आजही मानतात, पण जगभरची पोरं त्याला ओळखतात ती हत्ती-कासवामुळेच. स्वतःची पोरं गमावलेल्या बापाला मिळालेलं हे प्रेम पाहायला तो मात्र नव्हता. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

तेव्हा हॉस्टेलकर हो, ट्रंकेच्या तळाशी हसतील म्हणून लपवलेली कविता, चित्रं, चाली असतील, तर बाहेर काढा. पुढच्या अंकाला मजकूर हवाच आहे!