खांद्याला बसलेला धडा

अख्ख्या सुपारीएवढी शिशाची गोळी, वजन ११३ ग्रॅम. ती उडवायला मूठभर काळी दारू. आणि ही ठासणीची बंदूक खांद्याला लावणारा, विशीतला एक हलक्या अंगाचा तरुण. एकोणिसाव्या शतकातील आफ्रिकेचा सर्वांत नावाजलेला शिकारी फ्रेडरिक कोर्टनी सेलू याच्या कारकिर्दीची सुरुवात अशी झाली. बंदूक निवडताना समोरच्या प्राण्याइतकाच बंदुकीमागच्या माणसाच्या शरीराचाही विचार करावा लागतो, हा धडा त्याला पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या खांद्यातून मिळाला. त्याची किंमत त्याने पुढे अनेक वर्षे मोजली.

सेलूचा जन्म ३१ डिसेंबर १८५१ रोजी लंडनमध्ये झाला. पक्ष्यांची अंडी गोळा करणे, झाडांवर चढणे आणि आफ्रिकेच्या प्रवासवर्णनांत हरवून जाणे, हे त्याचे लहानपण. १५ जानेवारी १८६७ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील गोठलेल्या तळ्यावर शेकडो लोक घसरत खेळत असताना बर्फ फुटला आणि ४० जणांचा मृत्यू झाला. पंधरा वर्षांचा सेलू त्या गर्दीत होता. तो उभा न राहता बर्फाच्या तुकड्यांवर आडवा झाला आणि सरपटत काठाला आला. वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरले की दाब कमी होतो, हे त्यामागचे साधे विज्ञान. हाच नियम उलट्या बाजूने पुढे त्याच्या बंदुकांनाही लागू होणार होता.

सप्टेंबर १८७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, खिशात ४०० पौंड घेऊन तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्याजवळ एक चांगली दुनळी रायफल होती. ती हिऱ्यांच्या खाणींच्या भागात चोरीला गेली. पुढच्या वर्षी तो मटाबेलेंचा राजा लोबेंगुला याच्याकडे हत्तीच्या शिकारीची परवानगी मागायला गेला. या पोरसवदा गोऱ्याला पाहून राजाला हसू आले. हा हत्ती नव्हे, स्टीनबॉक मारायला आला असेल, अशी त्याने थट्टा केली. स्टीनबॉक म्हणजे जेमतेम दहा-बारा किलो वजनाचा, आपल्या चिंकाऱ्याहूनही लहान असा आफ्रिकी कुरंग. शेवटी राजाने परवानगी दिली.

चोरीला गेलेल्या रायफलच्या जागी सेलूने बर्मिंगहॅममध्ये बनलेल्या, बदके मारायच्या जातीच्या स्वस्त ठासणीच्या बंदुका घेतल्या. त्या होत्या ‘चार बोअर’. एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या पडतील तितका त्या नळीचा बोअर, अशी ही जुनी मोजणी. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद. चार बोअरची प्रत्येक गोळी पाव पौंडाची. बंदुकीचे वजन मात्र जेमतेम पावणेसहा किलो होते, एवढ्या मोठ्या गोळीसाठी ते फारच कमी. पण ती खांद्यावर टाकून पायी चालायचे होते. हत्ती त्सेत्से माशीच्या टापूत शिरले होते आणि तिथे घोडे जगत नसत. ही माशी रक्तातील परजीवी पसरवते आणि त्यामुळे जनावरे खंगून मरतात, हे डेव्हिड ब्रूस या डॉक्टरने १८९० च्या दशकात दाखवून दिले. सेलूच्या काळी लोकांना एवढेच ठाऊक होते की त्या रानात घोडा नेला, तर परत येत नाही.

या बंदुकांनी सेलूने तीन हंगामांत ७८ हत्ती मारले. पण बंदुकीने त्यालाही सोडले नाही. एकदा बार उडालाच नाही आणि बंदूक वाहणाऱ्या मदतनिसाने आधीच्या भरणीवरच पुन्हा दारू आणि गोळी ठासली. पुढच्या वेळी चाप ओढताच सेलू जमिनीवरून उचलला गेला, हवेत फिरून तोंडावर आपटला आणि बंदूक त्याच्या खांद्यावरून मागे जाऊन पडली. गाल फुटला, उजवा हात काही काळ उचलेना. अपघात बाजूला ठेवला, तरी रोजचे धक्केही कमी नव्हते. या बंदुकांच्या माराने आपल्या मज्जातंतूंवर परिणाम झाला, त्यानंतर आपला नेम कायमचा बिघडला आणि आपण त्या हातात घेतल्याचाच पस्तावा होतो, हे त्याने पुढे आपल्या पुस्तकात मोकळेपणाने कबूल केले. नामांकित शिकाऱ्याने असे लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती.

सेलूने जे लिहिले, ते आज नेमबाजीच्या प्रत्येक प्रशिक्षकाला ओळखीचे आहे. चाप ओढल्यावर दर वेळी कानठळ्या आणि खांद्याला जबर मार बसू लागला, की मेंदू या दोन गोष्टींची सांगड घालतो. मग मार बसण्याच्या आधीच शरीर त्याची तयारी करते: डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, मनगट झटका देते. हे सारे सेकंदाच्या अगदी छोट्या भागात घडते आणि माणसाला कळतही नाही. नळीचे टोक थोडेसे हलले, तरी शंभर मीटरवर गोळी वीतभर चुकते. हा भित्रेपणा नव्हे. गरम तव्याला एकदा हात भाजला की पुढच्या वेळी तो आपोआप मागे येतो, त्याच प्रकारचे हे शिकणे आहे. मनाला बजावून ते जात नाही. हलकी बंदूक, कानांना संरक्षण आणि रिकाम्या बंदुकीचा सराव यांनीच ते हळूहळू उतरते.

धक्का किती मोठा, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. गोळी जितका संवेग घेऊन पुढे जाते, निदान तितकाच बंदूक मागे आणते. चार बोअरच्या गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरला, तर पावणेसहा किलोची बंदूक सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने खांद्यावर आदळते. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी आलेल्या .३०३ रायफलची गोळी सुमारे १४ ग्रॅमची, वेग ६०० मीटर आणि रायफल चार किलोची. तिचा मागे येण्याचा वेग सुमारे २ मीटर. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने खांद्यावर आदळणाऱ्या ऊर्जेत तब्बल वीसपट फरक पडतो. जळणाऱ्या दारूचा धक्का यात धरलेलाच नाही.

१८८० च्या सुमारास हत्ती विरळ झाले आणि हस्तिदंतावर पोट भरेना. सेलू मग संग्रहालयांसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करू लागला, आणि त्याच्या बंदुकीसमोर प्रामुख्याने कुरंग आले. काळवीट, चिंकारा, नीलगाय हे आपल्याकडचे कुरंग. हरणांची शिंगे दरवर्षी गळतात, यांची गळत नाहीत. आफ्रिकेत या गटात थक्क करणारी विविधता आहे. दहा किलोचा स्टीनबॉक, ४० किलोच्या आसपासचा स्प्रिंगबॉक, पिळदार शिंगांचा दोनशे-अडीचशे किलोचा कुडू, तलवारीसारख्या शिंगांचा सेबल आणि नऊशे किलोपर्यंत जाणारा ईलँड. या सर्वांना एकच बंदूक कशी पुरणार, हा प्रश्न तेव्हाही होता.

सेलूने ब्रिस्टलच्या गिब्ज कंपनीची .४५० एकनळी रायफल घेतली. तिची यंत्रणा फार्कर्सनची आणि नळीतल्या पेचदार उथळ खाचा मेटफर्डच्या. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. तसे असल्यामुळेच गोळी गोल न ठेवता लांबट करता येते. इथे तळ्यावरचा नियम उलटा लागू होतो. चार बोअरच्या गोल गोळीत समोरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम शिसे असते, तर .३०३ च्या बारीक, लांब गोळीत सुमारे २८० मिलिग्रॅम. म्हणजे वजनाने आठपट लहान असलेली गोळी शरीरात शिरण्याच्या बाबतीत मोठीच ठरते. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल याने बिनधुराची दारू तयार केली आणि वेगही वाढला. सेलूनेही पुढे .३०३ आणि हॉलंड अँड हॉलंडची .३७५ जवळ केली.

पण केवळ खोल शिरणे पुरेसे नसते. कठीण धातूचे पूर्ण कवच असलेली बारीक गोळी कुरंगाच्या अंगातून सुईसारखी आरपार जाते. प्राणी पळून जातो आणि तासन् तास, कधी दिवसभर तडफडून मरतो. म्हणून पातळ कातडीच्या प्राण्यांसाठी टोकाला मऊ किंवा पोकळ असलेली, आत शिरल्यावर फुलणारी गोळी वापरू लागले. अशाच गोळ्या १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात सैन्यासाठी बनल्या आणि त्या गावाचे नाव जगभर झाले. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात त्यांच्या वापरावर बंदीचा जाहीरनामा निघाला. माणसासाठी क्रूर ठरलेली गोळी शिकारीत मात्र कमी क्रूर मानली गेली, कारण तिथे हेतू जखमी करण्याचा नसून लवकर मारण्याचा असतो.

मरण किती लवकर येते, हे गोळी कुठे लागली यावर ठरते. कुरंगाचे हृदय छातीत बरेच खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये असते आणि त्याच्या वर व मागे फुप्फुसे. हृदय फुटले, तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर प्राणी दहा-पंधरा सेकंद धावू शकतो. एवढ्या वेळात शंभर मीटर सहज. गोळी पोटात लागली, तर हाच काळ अनेक तासांचा होतो. बंदूक कितीही मोठी असली, तरी ही चूक ती भरून काढत नाही, आणि मोठ्या बंदुकीच्या धसक्यानेच ही चूक जास्त होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निवडीची घडी याच अनुभवातून बसली. स्प्रिंगबॉकपासून कुडूपर्यंत ७ मिलिमीटर माउझर किंवा .३०३ पुरेशी मानली गेली. त्यांचा धक्का सोसण्याजोगा, त्यामुळे नेम शांतपणे धरता येतो. ईलँडसारख्या थोराडांसाठी १९०५ ची जर्मन ९.३ मिलिमीटर किंवा १९१२ ची .३७५ मॅग्नम. ही काडतुसे आजही बनतात. जिथे कायद्याने शिकार चालते, तिथे ती वापरातही आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न फारसा उरला नाही.

सेलू त्याच्या समकालीनांत अचूक नेमबाज म्हणून ओळखला जात नव्हता. त्याची ताकद होती निरीक्षण आणि चिकाटी. प्राण्यांचे रंग त्यांना शत्रूपासून लपवण्यासाठीच असतात, हे मत त्याला सरसकट पटले नाही. सिंह रात्री आणि वासावर शिकार करतो, मग रंगाचा उपयोग किती, असा त्याचा सवाल होता. सिटाटुंगा या पाणथळीतल्या कुरंगाच्या एका उपजातीला आणि एका मुंगसाला त्याचे नाव दिले गेले. त्याच्या चरित्राची दुसरी बाजूही आहे. १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या टोळीला माशोनालँडमध्ये वाट दाखवणारा सेलूच होता. तीनच वर्षांत लोबेंगुलाचे राज्य गेले. ज्या राजाने हसत शिकारीला मुभा दिली होती, त्याच्याच मुलुखाचे ज्ञान त्याच्याविरुद्ध वापरले गेले.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा सेलू ६२ वर्षांचा होता. वयामुळे आधी नकार मिळाला, तरी तो सैन्यात भरती होऊन पूर्व आफ्रिकेत गेला. ४ जानेवारी १९१७ रोजी आजच्या टांझानियातील बेहो बेहो येथे शत्रूच्या नेमबाजाची गोळी लागून तो मरण पावला. तिथेच एका चिंचेच्या झाडाखाली त्याला पुरले. आसपासच्या विस्तीर्ण राखीव रानाला १९२२ मध्ये त्याचे नाव मिळाले. २०१९ मध्ये त्यातील मोठा भाग न्येरेरे राष्ट्रीय उद्यान झाला. त्याने मारलेल्या कुरंगांची कातडी आणि शिंगे लंडनच्या संग्रहालयात आहेत, आणि ज्या रानात तो पडला तिथे कुडू, सेबल आणि ईलँड अजून चरतात.