सिएटलला शिकायला गेलेला तळेगावचा इंजिनिअर

अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा कट्टा असो की कुरणच्या कॅम्पसमधलं कँटीन, शेवटच्या वर्षाला विषय एकच. एमएसला जायचं का? कुठे? कर्ज किती? परत यायचं की तिकडेच राहायचं? हे प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडलेत असं वाटत असेल, तर शंभरहून जास्त वर्षं मागे जाऊ या. लांब जायची गरज नाही, आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरेला जायचं.

विष्णू गणेश पिंगळे यांचा जन्म याच गावात जानेवारी 1888 मध्ये झाला. विष्णू शाळकरी वयात होता, तेव्हा 1905 ची बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीचं वारं पुण्यातही जोरात वाहू लागलं. पुढे तो समर्थ विद्यालयात दाखल झाला. ही प्राध्यापक विजापूरकरांची राष्ट्रीय शाळा. ती दुसऱ्या तळेगावात, म्हणजे तळेगाव दाभाड्यात होती. सरकारी ठशाचं शिक्षण नको, हातात हुन्नर हवा आणि मनात देश हवा, असा तिथला खाक्या. साहजिकच ती सरकारच्या डोळ्यांत खुपली आणि 1910 मध्ये बंद पाडली गेली.

आता शिकायचं कुठे? पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेज 1854 पासून होतं. पण तिथून बाहेर पडणाऱ्यांची ठरलेली वाट म्हणजे सरकारी बांधकाम खातं. पिंगळेंना हवं होतं यंत्रांचं ज्ञान. स्वदेशी माल हवा तर स्वदेशी कारखाने हवेत आणि कारखाने हवेत तर यंत्रं कळणारी माणसं हवीत, हा त्या काळच्या तरुणांचा सरळ हिशोब होता. इंग्लंडला जाणं म्हणजे सरकारच्या नजरेखाली शिकणं. म्हणून बरेच जण जपान, अमेरिकेकडे वळत होते. पिंगळे 1911 मध्ये निघाले आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला दाखल झाले.

तिकडचं चित्र काही गुलाबी नव्हतं. पॅसिफिक किनाऱ्यावर लाकूड गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे हजारो पंजाबी होते. सिएटलच्या उत्तरेला बेलिंगहॅममध्ये 1907 साली गोऱ्या जमावानं त्यांना मारझोड करून गावाबाहेर हाकललं होतं. भारतीय विद्यार्थ्यांपैकी अनेक जण सुट्टीत याच मजुरांच्या बरोबरीनं काम करून फीचे पैसे जमवायचे. आपली दाद कुठे लागत नाही, कारण आपला देशच आपला नाही, ही गोष्ट वर्गापेक्षा तिथे लवकर कळायची.

1913 मध्ये या मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून संघटना उभी केली. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सचिव. 1 नोव्हेंबर 1913 ला सॅन फ्रान्सिस्कोतून ‘गदर’ हे पत्र निघालं आणि तेच नाव चळवळीला चिकटलं. पिंगळे त्यात ओढले गेले.

ऑगस्ट 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्रज युरोपात अडकलेत, हीच वेळ आहे, असं गदरवाल्यांनी ठरवलं. पिंगळेंची पदवी पूर्ण झालेली नव्हती. त्यांनी शिक्षण तिथेच सोडलं, सत्येन सेन यांच्यासोबत बोट पकडली आणि नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला उतरले.

तिथून सुरू झाली धावपळ. कलकत्त्यात जतींद्रनाथ मुखर्जी, बनारसला रासबिहारी बोस, मग पंजाब. बंगालचे क्रांतिकारक आणि अमेरिकेतून परतलेले पंजाबी यांना जोडणारा दुवा म्हणजे हा मराठी तरुण. छावण्यांमधल्या देशी शिपायांनी एकाच दिवशी उठाव करायचा, असा बेत होता. तारीख ठरली 21 फेब्रुवारी 1915. पण गटात पोलिसांचा खबऱ्या घुसला होता. संशय आल्यावर तारीख 19 वर आणली, तीही फुटली. शिपायांची हत्यारं काढून घेतली गेली, धरपकड झाली.

पिंगळे तेव्हा निसटले होते. गप्प राहून जीव वाचवता आला असता. ते उलट मेरठच्या छावणीकडे गेले. मार्चमध्ये 12 व्या घोडदळाच्या लाइनीत ते पकडले गेले, सोबत पेटीत बॉम्ब होते. त्यांची ताकद अर्धी पलटण उडवण्याइतकी होती, अशी नोंद पुढे सरकारच्याच रौलट समितीनं केली.

लाहोर कटाचा खटला खास न्यायाधिकरणापुढे चालला. सप्टेंबरमध्ये 24 जणांना फाशी सुनावली गेली. व्हाइसरॉयनी 17 जणांची शिक्षा कमी केली. उरलेल्या सातांमध्ये कर्तारसिंग सराभा आणि पिंगळे होते. 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरच्या तुरुंगात सातही जणांना फाशी झाली. पिंगळेंचं वय 27. सोळा वर्षांनी त्याच लाहोरात आपल्या शेजारच्या खेडचे राजगुरू फासावर गेले. राजगुरूंचं नाव आपल्याला पाठ असतं, पिंगळेंचं मात्र नाही.

त्याच गदर चळवळीतले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र पूर्ण शिकले. चळवळ चिरडल्यावर मायदेशाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा त्यांनी मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम केलं. स्वातंत्र्यानंतरच ते परतू शकले. म्हणजे पदवी सोडणाऱ्यालाही किंमत मोजावी लागली आणि घेणाऱ्यालाही.

आज कुणी तुम्हाला पदवी सोडून या असं म्हणणार नाही, म्हणूही नये. अर्ज जरूर करा, स्कॉलरशिप मिळवा. फक्त विद्यापीठाला पाठवायचा तो ‘मी का शिकणार’चा निबंध लिहायला बसाल, तेव्हा नेटवरचा तयार नमुना उचलू नका. तळेगावच्या या पोराकडे त्या प्रश्नाचं स्वतःचं उत्तर होतं. आपलंही असायला काय हरकत आहे?