मारिएत्ताच्या हातची चव लिहिणारे आर्तुसी

शिक्रापूरहून नगर रस्त्याने रांजणगावला गेलं की एमआयडीसीत फियाटचा कारखाना लागतो. इटलीशी आपल्या शिरूर तालुक्याची ओळख बहुतेक तेवढीच. पण मैत्रिणींनो, त्या देशात आपल्या मटणाच्या रश्शाचा लांबचा भाऊ शोभेल असा एक पदार्थ आहे. त्याचं नाव रागू. मंद आचेवर तास-दोन तास रटरटलेला हा खिमा पास्त्यात कालवून खातात. असे घरगुती पदार्थ पुस्तकात नीट लिहून देशभर पोचवले ते पेल्लेग्रीनो आर्तुसी यांनी. ते आचारी नव्हते, हॉटेलवालेही नव्हते. ते होते एक व्यापारी.

आर्तुसींचा जन्म ४ ऑगस्ट १८२० चा, फोर्लिंपोपोली या छोट्या गावातला. वडिलांचं चांगलं चालणारं किराणा दुकान होतं आणि मुलगाही व्यापारातच पडला. पण २५ जानेवारी १८५१ ची रात्र काळरात्र ठरली. पासातोरे या टोपणनावाच्या दरोडेखोराची टोळी गावात शिरली. नाटकगृहात जमलेल्या लोकांना ओलीस धरून श्रीमंतांची घरं लुटली गेली. आर्तुसींचं घरही सुटलं नाही. बहीण गेर्त्रूदे त्या धक्क्यातून कधी सावरलीच नाही. मनोरुग्णालयातच तिचा अंत झाला. कुटुंबाने गाव सोडलं आणि फ्लॉरेन्स गाठलं.

तिथे आर्तुसींनी रेशमाच्या व्यापारात पैसा कमावला आणि लवकरच धंद्यातून अंग काढून घेतलं. लग्न केलं नव्हतं. वाचन आणि खाणं हे दोन शौक. घरात स्वयंपाकी फ्रांचेस्को रुफील्ली आणि घर सांभाळणारी मारिएत्ता साबातीनी. कुठे काही चांगलं खाल्लं, कुणी काही सांगितलं, की या दोघांकडून ते घरी पुन्हा पुन्हा करवून बघायचं आणि जमलं की लिहायचं.

१८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पुस्तक निघालं. प्रकाशक मिळेना म्हणून स्वतःच्या खर्चाने हजार प्रती छापल्या. पाककृती होत्या ४७५. गावच्या धर्मादाय जत्रेला त्यांनी दोन प्रती दिल्या, तर ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी चक्क तंबाखूच्या दुकानात विकून टाकल्या! पण गृहिणींनी हे पुस्तक उचलून धरलं. बायका पत्रं पाठवून आपापल्या भागातले पदार्थ कळवू लागल्या. ते करून बघायचे आणि पुढच्या आवृत्तीत घालायचे. असं करता करता आकडा ७९० वर गेला. आपल्याकडे कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’ने जे केलं, तेच तिथे या पुस्तकाने केलं.

त्यातली बोलोन्या शहराची कृती बघा. दीडशे ग्रॅम वासराचं मांस, पन्नास ग्रॅम खारवलेलं डुकराचं मांस, चाळीस ग्रॅम लोणी, पाव कांदा, अर्धं गाजर आणि थोडी सेलरी. सगळं बारीक चिरून मांस तपकिरी होईपर्यंत परतायचं, मग मांसाचं सूप थोडं थोडं घालत शिजवायचं. गंमत म्हणजे यात टोमॅटो नाहीच! आपल्याकडे मटणाचा खिमा घेऊन करता येईल. फक्त घाई नको नि कुकरच्या शिट्ट्या नकोत. पाणी पूर्ण आटून खिमा तळाला धरू लागला की खरी चव उतरते. मगच सूप घाला आणि गॅस अगदी बारीक ठेवा.

३० मार्च १९११ रोजी आर्तुसी गेले. मृत्युपत्रात त्यांनी पुस्तकाच्या उत्पन्नाचे हक्क फ्रांचेस्को आणि मारिएत्ता यांच्या नावे केले होते. मारिएत्ता करायची त्या गोड पावाला पुस्तकात तिचंच नाव आहे. आज फोर्लिंपोपोलीत आर्तुसींच्या नावाचं पाककला केंद्र आहे आणि घरी रांधणाऱ्यांना मारिएत्ताच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

आपल्याकडे रश्शाचं कौतुक ताटावर होतं आणि हात धुतले की संपतं. किती मसाला, किती वेळ, हे विचारलं तर सासूबाई म्हणणार अंदाजाने. तो अंदाज त्यांच्याबरोबरच जाऊ द्यायचा का? या रविवारी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसा. चमच्याने मोजा, घड्याळ बघा, सगळं लिहून काढा. आणि पानाच्या वर त्यांचं नाव घालायला विसरू नका.