शब्द दिला होता सरकारने

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. मोतीबागेत संध्याकाळी फिरायला गेले होते, तिथे जुनी शेजारीण भेटली. चेहरा उतरलेला. तिची लेक जालन्यातच एका खासगी ठिकाणी हिशेब लिहायची. खोटी बिलं लागताहेत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने सरळ मालकांच्या कानावर घातलं. आठ दिवसांत पोरीचं टेबल बदललं, महिन्याभरात घरी बसवलं. बिलं लावणारा मात्र जागेवरच! आईचा रागही लेकीवरच, की तुझं काय अडलं होतं म्हणून.

घरी आले तरी डोक्यातून जाईना. आणि मला टिळक आठवले.

लोकमान्य टिळक म्हटलं की आपल्याला शेंगांची टरफलं, गणपती आणि मंडालेचा तुरुंग एवढंच आठवतं. २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्म, दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी शिक्षक असलेले वडील. पुढे पुण्यात शाळा काढली आणि १८८१ मध्ये केसरी सुरू केला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध काही पत्रं हाती आली, छापली, आणि ती बनावट निघाली! माफी मागूनही टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तक्रार करायची तर हातातला कागद आधी तपासावा लागतो, हे त्यांना तरुणपणीच कळलं असणार.

पण मला सांगायचंय ते १८८८ चं क्रॉफर्ड प्रकरण. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट माहीत आहे ना? ज्याच्या नावाचं ते होतं, तोच हा आर्थर क्रॉफर्ड. (आता त्या मंडईला महात्मा फुल्यांचं नाव आहे, हे बरंच झालं.) तेव्हा तो पुण्याला कमिशनर होता. खर्चिक माणूस, कायम कर्जात. त्याच्या हाताखालच्या मामलेदारांना बढती हवी, नकोशी बदली टाळायची, तर पैसे मोजावे लागतात, अशी बोंब होती. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, आपल्याकडे तहसीलदार. पण बदलीची धास्ती काय असते, हे नोकरदाराच्या बायकोला कुठल्याही राज्यात समजतं!

सरकारने चौकशी लावली. पण पैसे दिले हे सांगणार कोण? सांगितलं की स्वतःच अडकायचं. म्हणून मुंबई सरकारने मामलेदारांना शब्द दिला, की खरं सांगा, तुम्हाला काही होणार नाही. त्या भरवशावर ते साक्षीला उभे राहिले.

चौकशी आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत असं ठरवलं. हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याचा ठपका मात्र ठेवला, आणि साहेबाची नोकरी गेली. आता मामलेदारांचं काय? त्यांनी तर स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं! पैसे देऊन जागा टिकवणारे लोक न्यायाच्या खुर्चीत कसे बसवायचे, अशी ओरड इंग्लंडपर्यंत झाली. सरकार डळमळलं. १८८९ मध्ये कायदा करून त्यांना खटल्यांपासून वाचवलं, पण काहींना पदावरून दूर केलंच.

टिळक इथे त्यांच्या बाजूने उभे राहिले. केसरीतून लिहिलं, पुण्यात सभा घेतली, पार्लमेंटातल्या सभासदांपर्यंत बाजू पोचवायची खटपट केली. लाच देणं चांगलं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सरकारने शब्द देऊन साक्ष काढून घेतली, तर तो शब्द पाळलाच पाहिजे, एवढाच मुद्दा.

सगळेच टिळक मला पटतात असं नाही हं. मुलींच्या शिक्षणाबाबत आणि १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याबाबत ते ज्या बाजूला होते, ती आपली बाजू नव्हती. १९१२ मध्ये ते मंडालेला कैदेत असताना सत्यभामाबाई गेल्या, शेवटची भेटही नाही. त्या माउलीने काय काय सोसलं, ते कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळकही गेले.

शेजारणीकडे पुन्हा गेले तेव्हा लेकीशी बोलले. आज कायदा काय म्हणतो, तेही सांगितलं. कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ झाला, तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. साधारण तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, नाव गुप्त ठेवायचं बंधन असतं. पण खोट्या बिलांचं काय? सरकारी भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेने केला, तो अजून लागूच झालेला नाही. खासगी नोकरी तर त्यात येतही नाही. २००३ मध्ये रस्त्याच्या कामातला घोटाळा कळवणारे इंजिनिअर सत्येंद्र दुबे गयेत मारले गेले. नाव गुप्त ठेवा, अशी त्यांची विनंती होती, तरी ते फुटलं होतं.

तिने तक्रार तोंडी केली होती, हातात एक चिठ्ठीही नाही. मी म्हटलं, निदान आता तरी तारखेसकट सगळं लिहून ठेव, पगाराचे कागद जपून ठेव. तिने वही आणली. लिहिता लिहिता मध्येच थांबून तिने विचारलं, त्या मामलेदारांना नोकऱ्या परत मिळाल्या का. सगळ्यांना नाही, असं मला सांगावं लागलं. तिने मान हलवली आणि पुढची तारीख लिहायला घेतली.