पंडित भगवानलाल इंद्रजी : बुरूड राजाच्या कोटाचा शोध

इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्याची कथा आपल्या बालवाचकांनाही ठाऊक असते. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी ते शोधून काढले. एका पेटीत दुसरी, दुसरीत तिसरी, असे करीत अखेर राजाचा देह हाती लागला. त्याच्या चाळीस वर्षे आधी, सुरतेहून मुंबईला जाणाऱ्या लोहमार्गानजीकच्या सोपारा गावी असाच प्रसंग घडला होता, हे मात्र थोड्यांनाच स्मरते. तो घडविणारे विद्वान म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी.

त्यांचा जन्म १८३९ मध्ये जुनागढ येथे झाला. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या अशोकाच्या शिलालेखाने बालपणीच त्यांचे मन वेधले. प्रिन्सेपने उलगडलेल्या अक्षरांच्या आधारे तो वाचण्याचा त्यांनी ध्यास घेतला. फोर्ब्स साहेबांमुळे त्यांचा परिचय मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याशी झाला. भाऊंसाठी त्यांनी लेण्यालेण्यांतून आणि दूरदूरच्या प्रांतांतून शिलालेखांचे ठसे व नकला जमविल्या. १८६९ मध्ये मथुरेस त्यांना प्रसिद्ध सिंहशीर्ष सापडले. १८७४ मध्ये भाऊंचे निधन झाले, तरी हे व्रत खंडित झाले नाही.

नाशिकच्या लेण्यांतील लेखांत सोपाऱ्याचे प्राचीन नाव येते. एवढे मोठे नगर खुणेवाचून नाहीसे होणार नाही, ही पंडितजींची धारणा. सोपाऱ्याजवळच्या एका टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. शूर्पारक हे नगराचे संस्कृत नाव. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणणारा तो बुरूड. विसरलेल्या नगराची आठवण लोकांनी अशी एका दंतकथेत जपली असावी, असे वाटते.

एप्रिल १८८२ मध्ये ते टेकाड खणण्यात आले. तो कोट नव्हे, विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी करंडक होता. त्यात मधोमध तांब्याचा करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात पाषाणाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा! एवढ्या जपणुकीने ठेवले होते काय? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. त्या भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असे पंडितजींनी मानले. इजिप्तच्या थडग्यात राजाचे वैभव होते. येथे सोन्याच्या पोटी भिक्षेकऱ्याचे पात्र होते. सोबत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. मूर्ती त्याहून काही शतकांनी नंतरच्या, म्हणजे स्तूप पुढे केव्हातरी उघडून पुन्हा मिटविला असला पाहिजे. अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यास सापडला. स्तूपातील या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जतन झाल्या.

आपल्या भागाशीही त्यांचे नाते आहे. तेव्हा सुरत जिल्ह्यात असलेल्या पारडी येथील त्रैकूटक राजा दह्रसेन याचा ताम्रपट त्यांनी प्रसिद्ध केला. पंडितजींना इंग्रजी बेताचेच येई. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलर, कॅम्पबेल यांसारखे विद्वान त्यांचे लेखन इंग्रजीत उतरवीत. तरीही हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ मध्ये ते निवर्तले. मथुरेचे सिंहशीर्ष त्यांच्या मृत्युपत्रान्वये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेले. गुजरातच्या प्राचीन इतिहासाचे त्यांचे अपुरे राहिलेले काम जॅक्सन यांनी पुरे केले व १८९६ मध्ये ते मुंबई गॅझेटियरमध्ये छापले गेले.

मातृभाषा गुजराती, कर्मभूमी महाराष्ट्र आणि आश्रयदाता मराठी, असे हे चरित्र. गुजरातच्या भूमीत मराठी ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेने ते आपलेच मानावे. जुने कागद आणि जुनी नावे यांच्या पोटात काय दडले आहे, हे कोणी वाचीपर्यंत कळत नाही. आणि तो वाचक येईपर्यंत ते राखणे, हेच ग्रंथालयाचे काम आहे.